हिरवा घोडा

माझ्याकडे आज एकोणीस आहेत.
बशीएवढा जर्मन, अंगठ्यानं खटका दाबला
की सहा घोडे एकमेकांना ओलांडत सुटतात.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला, काचेच्या झाकणाचा;
त्यातल्या एका स्वाराला डोकं नाही, तरी तो पुढे वाकलेलाच.
एक जपानी, किल्लीचा. किल्ली हरवलेली,
ती मी एका मेलेल्या गजराच्या घड्याळाची बसवली.
वेंगुर्ल्याची हवा पत्र्याला सोसत नाही.
दर पंधरवड्याला मशीनचं तेल, कापसाचा बोळा,
आणि बायकोचं तेच वाक्य:
"हे घोडे कोण दुरुस्तीला टाकून गेलं?"

खरा घोडा मी पाहिला एकोणिसाव्या वर्षी,
कोल्हापुरात, टांग्याला जुंपलेला.
आधी त्याच्या पाठीवर नंबर शोधला.

विसावा आणायला मोचेमाडला गेलो.
बाबल धुरी वारला त्याला बारा वर्षं झाली.
जत्रेत त्याचं टेबल पेट्रोमॅक्सखाली,
मेणकापडावर सहा रंगांच्या चौकटी,
मधोमध ताटाएवढं चक्र, शिशाचे घोडे.
पलीकडे दशावतारातला राजा तोंड रंगवत बसलेला,
पण गर्दी इकडे.
माझे वडील, जयवंत घड्याळजी,
दरसाल हिरव्यावर लावायचे. दोन आणे. एकदाच.
हरायचे, खांद्यावरचा पंचा झटकायचे,
माझा हात धरून खाजं घ्यायला निघायचे.
मला वाटे, किती भोळा माणूस.

शेवंतीकाकीनं माळ्यावरचं पोतं मलाच ओढायला लावलं.
"ने बाबा. माका कित्याक व्हया आता?
ह्येच्यार तीन चेडवांची लग्ना झाली."
पैसे न मोजताच कनवटीला खोचले.
मग सुपारी कातरता कातरता, सहज:
"तुझो बापूस हिरव्यार लावी. आठावता तुका?
मगे सगळी जत्रा हिरव्यार लावी.
घड्याळजी तो. येंत्रातला तेकाच कळता,
असा लोकांक वाटायचा."

रात्री दुकानाच्या फळ्या लावल्या.
डोळ्याला भिंग.
पाच घोडे खालून सपाट.
हिरव्याच्या पोटाशी कथिलाचा थेंब,
तांदळाएवढा, कानशीनं गुळगुळीत केलेला;
घोडा चार बोटं अलीकडेच थांबावा, इतकाच जड.
एवढा स्वच्छ डाग देणारा हात
या किनाऱ्यावर एकच होता.
आणि कडेला, सुईच्या टोकानं,
घड्याळाच्या झाकणाआत दुरुस्तीची खूण करायचे तशीच:
ज. सो. ७-१२-६१.

लबाडीवरसुद्धा तारीख घातली.
गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं असतं,
तर पदरमोड करून नीट करून दिली असती.

बासष्टच्या जूनमध्ये मला बूट मिळाले होते.
वर्गात आम्ही दोघेच बूटवाले, दुसरा मामलेदाराचा.
माझ्या बुटांत किती रापणकरांचे दोन-दोन आणे होते,
मोजायला बसलो. लेसपर्यंतही पोचलो नाही.

जमवणाऱ्याचा एक नियम असतो:
पोचा काढायचा नाही, उडालेला रंग भरायचा नाही,
मूळ ते मूळ ठेवायचं.
तरी डागाची कांडी मी तापवली होती.
हातात धरून बसलो, निवेपर्यंत.
मग खटका दाबला.
लाल पुढे, पिवळा, मग काळा. हिरवा चार बोटं मागे.
पुन्हा दाबला. पुन्हा मागे.
साठ वर्षांत काम बिघडलं नाही.
बाबा काम चोखच करायचे.

सकाळी एक पोरगा आला, सेल बदलायला,
पायांना अजून रापणीची वाळू.
टेबलावरचं चक्र बघून हसला.
फिरवू का, म्हणाला.
फिरव, म्हटलं. कशावर लावशील?
त्यानं घोड्यांकडे पाहिलंच नाही.
माझ्या कपाळावरच्या भिंगाकडे पाहिलं,
मग माझ्या बोटांकडे, आणि विचारलं:
"तुमी खंयच्यार लावतास?"